मुलींच्या वाट्याचा निधी

शाळांवरच्या खर्चात मुलींचा वाटा मुलांइतकाच असावा, यावर समितीचं लगेच एकमत झालं. मुलींना सायकली द्यायच्या ठरल्या. पैसे कुठून काढायचे, यावर तर त्याहून लवकर एकमत झालं. शाळांमधल्या सफाईवाल्या बायकांच्या जागा रद्द करायच्या होत्या, आणि त्यांतल्या एक मावशी नुकत्याच चहाचे रिकामे कप उचलून बाहेर गेल्या होत्या.

पहिली सायकल त्या मावशींच्याच लेकीला मिळाली. पोर आठवीत होती, वर्गात पहिली. अध्यक्षांनी फोटोसाठी हँडलवर हात ठेवला.

"मावशी, नोकरी गेली म्हणून असं तोंड पाडून उभ्या राहू नका. अहो, तुमच्या लेकीसाठीच तर चाललंय हे सगळं!"

"होय साहेब. पण आता घर कशावर चालवू?"

"लेक चालवेल की, शिकून मोठी झाली म्हणजे!"

सगळे हसले. फोटो छान आला.

वर्षअखेरीला अध्यक्ष घरी अहवाल लिहायला बसले. 'सायकलींमुळे मुलींची हजेरी वाढली' असं लिहून झाल्यावर त्यांना उगाच शंका आली.

"अगं, वाढली असेल ना गं हजेरी?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत बायकोला विचारलं.



"मावशींच्या लेकीची तर नक्कीच वाढली," ती आतून म्हणाली. "शाळा सोडून आपल्याकडे भांड्यांना यायला लागल्यापासून एक खाडा नाही पोरीचा. सायकल आहे ना!"