चार दिवसांची झोप

“आईंना उठवायचं ना नक्की? की याही वेळी झोप वाढवायची?” निद्राकेंद्रातल्या परिचारिकेने विचारलं.

हेरंब खाली बघत म्हणाला, “उठवा.”

आईचे पाय गेल्यापासून तो एकटाच तिचं सगळं करत होता. त्याचे खोल गेलेले डोळे पाहून तीच म्हणाली होती, “मला चार दिवस तिथे झोपवून ठेव आणि तू जरा पाठ टेक बाबा.” जायच्या आदल्या दिवशी तिने पलंगावर बसून कैऱ्या चिरल्या, लोणचं घातलं.

घरी आणल्यावर त्याने तिला मऊ भात कालवून दिला. कॅलेंडर त्याने आधीच भिंतीवरून काढलं होतं.

“झाले का रे चार दिवस?”

“झाले ना.”

“मग लोणचं मुरलं नसेल अजून. पण एक फोड दे.”

हेरंब बरणीकडे वळला. रोज खाऊन खाऊन त्यातलं लोणचं तळाला गेलं होतं. पाठमोरा होऊन त्याने शेवटची फोड काढली आणि तिला वाढली.

आईच्या दात नसलेल्या तोंडात ती फोड लोण्यासारखी विरघळली. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गाल भरले होते.

“आई, मी...” तो पलंगाच्या कडेला टेकला.

“छान मुरलंय,” ती म्हणाली. मग पदराला बोटं पुसत हळूच म्हणाली, “पुढच्या खेपेला मीठ जरा चढं घालते. वर्षभर टिकेल.”