स्कीची जोडी

डोंगरावरच्या खानावळीत शिरताना हार्टविग नेहमी आपली एक आणि बायको बुर्गीची एक अशा दोन स्की दाराशी उभ्या करायचा. उरलेल्या दोन कुठेतरी दडवायचा, कुठे ते तिलाही न सांगता. जोडी जुळली नाही की चोर हात लावत नाही, हे त्याचं शहाणपण. त्यामुळे त्याची बिअर संपेपर्यंत तिला कधीच निघता यायचं नाही.

आज बाहेर वादळ घोंघावत होतं. मालकीण सगळ्यांना सांगून गेली, "उतरायचंय त्यांनी आत्ताच निघा. मग वाट बंद होईल."

हार्टविगने आणखी एक बिअर मागवली.

"मी निघते," बुर्गी म्हणाली.

"एका पायावर?"

आसपासची मंडळी हसली. ती टोपी चढवून बाहेर पडली. मागून त्याचा आवाज आला, "गारठली की येईल परत."

संध्याकाळी तिचा फोन वाजला.

"अगं, घात झाला. तुझी जोडी चोरीला गेली. तू आहेस कुठे?"

बुर्गीने शेगडीपाशी पाय पसरले.



"चोर घरी पोचला. दरवेळी लाकडांच्या ढिगामागेच तर ठेवतोस. तुझ्या दोन्ही आहेत तिथेच, वाट तेवढी बंद झालीय."