विरजणाची वाटी

हेमांगी कामावरून आली तशी आईने तिच्या हातात रिकामी वाटी दिली. "शकूमावशीकडून विरजण आण. आपलं दही बिघडलंय."

सौर प्रकल्पाच्या त्या वसाहतीत संपाचं घाटत होतं. कोण कोणाला भेटतं ते प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा कंपनीला कळवत असे, आणि त्या भेटींच्या जाळ्यातून संपाचा म्होरक्या हुडकून काढणं हे हेमांगीचं काम होतं. पडद्यावर नावं नसत, नुसते ठिपके असत. परवाच तिला एक ठिपका सापडला होता. सगळ्या चाळींचे धागे त्याच्यापाशी येत होते आणि तो काढला की जाळं पार विस्कटत होतं. तिने त्यावर खूण केली. साहेबांनी पाठ थोपटली.

शकूमावशीच्या दाराला कुलूप होतं.

"तिला काल गाडीत घालून नेलं," शेजारच्या जमीलाभाभी म्हणाल्या. "म्हणे संपाची पुढारी! अगं, संप कशाशी खातात हे तरी ठाऊक होतं का तिला? घरोघरी विरजण देत फिरायची, एवढंच."

 मी नाव दिलं नव्हतं, असं हेमांगीला ओरडून सांगावंसं वाटलं.

भाभींनी आतून चमचाभर दही आणून तिच्या वाटीत घातलं.

"हे तिचंच आहे, जपून लाव. आणि तू त्यांच्याच हापिसात असतेस ना? बघ जरा, कोणत्या मेल्यानं तिचं नाव दिलं ते."

"बघते," हेमांगी म्हणाली.