बोलत्या घराचा फोटो

“हात मांडीवर ठेवा. सगळ्यांनी. आणि आता अजिबात हलायचं नाही,” फोटोवाली म्हणाली.

सुनेने ते बोटांनी सासरच्या मंडळींना सांगितलं. त्या घरात कानांनी ऐकणारी ती आणि तिची चार वर्षांची मुलगी, अशा दोघीच. आजी-आजोबा, सुनेचा नवरा, नणंद, नणंदेचा नवरा, या सगळ्यांचं बोलणं हातांवर चालायचं. मुलगी तेवढी दोन्ही भाषांत हट्ट करायची.

फोटोवालीचं हे पहिलंच कुटुंब. क्लास नुकताच संपला होता. तोवर तिने फुलं, इमारती आणि झोपलेली बाळं काढली होती, म्हणजे सगळी उलट न बोलणारी गिऱ्हाइकं. आज आजोबांचा वाढदिवस होता आणि आजीला भिंतीवर लावायला सगळ्यांचा एक फोटो हवा होता. आधी एका मोठ्या स्टुडिओत काढलेला होता, पण तो तिने कपाटातच ठेवला होता. सुनेने तो दाखवला, तेव्हा फोटोवालीला त्यात काहीच खोट दिसली नव्हती. सरळ रांगा, सारखा उजेड, सगळ्यांचे डोळे उघडे.

तिने बटण दाबलं आणि फोटो पाहिला. सरळ रांगा होत्या, डोळे उघडे होते, आणि सगळे दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे दिसत होते.

“पुन्हा एकदा घेऊ,” ती म्हणाली. तिने नणंदेला खांद्याला धरून रांगेत आणलं, आजोबांची खुर्ची मागे सरकवली. कॅमेऱ्यापाशी येऊन बघते तर दोन्ही टोकांची माणसं पुन्हा आत वळलेली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

“वहिनी, ही मंडळी सारखी रांग का मोडतायत हो?”

“रांगेत एकमेकांचे हात दिसत नाहीत ना, ताई. टोकाच्या माणसाशी बोलायचं तर मान मोडून घ्यावी लागते.” सून जरा घुटमळली. “आणि हात मांडीवर ठेवा म्हणजे… तुम्ही सगळ्यांना तोंडाला पट्टी लावून बसवलंयत.”

फोटोवालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने गळ्यातला कॅमेरा काढून हातात घेतला. पुढे काय करायचं ते क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

“त्यांना म्हणावं, रोज बसता तसे बसा,” ती अखेर म्हणाली. “मी आता काही सांगत नाही.”

सुनेने निरोप पोचवला आणि घर उठलं. सोफा तिरका झाला, खुर्च्या वळल्या, बघता बघता कमान तयार झाली. आजीने उठून पडदा पूर्ण सरकवला. नणंदेने खिडकीतली मोठी कुंडी उचलून खाली ठेवली. नणंदेचा उंच नवरा आपण होऊन खाली सतरंजीवर बसला आणि छोटीला त्याने शेजारी ओढलं. खिडकीकडे पाठ करून एकही जण बसला नाही. चेहऱ्यावर उजेड कसा घ्यावा यावर फोटोवालीने वहीभर टिपणं काढली होती. इथे सगळे डोळ्यांनी ऐकत होते. अंधारात तोंड ठेवून बसणं म्हणजे यांच्यात तोंडातल्या तोंडात पुटपुटणं.

तिने कमानीच्या उघड्या बाजूला ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा त्याच्यावर चढवला आणि बटणाची वायर हातात घेऊन शेजारी उभी राहिली. आता तिचाही चेहरा सगळ्यांना दिसत होता. आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, हसले, आणि त्यांचे हात सुरू झाले.

“छापखान्यातली गोष्ट,” सून हळूच म्हणाली. “आई-बाबा दोघं तिथेच कामाला होते. यंत्रांचा एवढा खडखडाट, की बाकीच्यांचे ओरडून ओरडून घसे बसायचे. हे मात्र या टोकाहून त्या टोकाला मजेत गप्पा मारायचे. मुकादमाला आधी वाटलं, हा माशा हाकलतोय.”

आजोबांनी मुकादम करून दाखवला. गाल फुगवले, भुवया चढवल्या. कमानभर हसू पसरलं. फोटोवालीला एक खूण कळत नव्हती, तरी तीही हसली. वायरीवरचा अंगठा तसाच राहिला.

“एक दिवस त्या खडखडाटात, भर कामात, बाबांनी आईंना लग्नाचं विचारलं,” सून सांगत होती, तोच आजीचा हात तलवारीसारखा मध्ये आला. “आई म्हणतायत, साफ खोटं. विचारलं मी!”

मग काय, सगळ्यांचेच हात वर. मुलगा बापाच्या बाजूने, नणंद आईच्या बाजूने, जावई दोन्हीकडून. छोटी सतरंजीवर उभी राहून आपलंच काहीतरी सांगू लागली. आजोबा बोट उंचावून सगळ्यांना थांबवू पाहत होते.

फोटोवालीने बटण दाबलं.

ती कॅमेरा घेऊन गेली तशी सगळी डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली.

“आजोबांचा हात जरा हललाय,” ती घाईघाईने म्हणाली. “पुन्हा घेऊ या का?”

सुनेने विचारलं. तिच्या नवऱ्याने काहीतरी उत्तर दिलं आणि सगळे खळखळून हसले.

“हे म्हणतायत, हात हलला ते ठीक आहे, पण बाबांचं वाक्य अर्धंच आलंय. तेवढं पूर्ण करून घ्यायचं का?”

आजीने ठामपणे नकाराची मान हलवली. फोटोवालीकडे वळून तिने दोन-तीन आखूड खुणा केल्या. सुनेला हसू आवरेना. पदराने डोळे पुसत ती म्हणाली,

“आई म्हणतायत, राहू दे तसंच. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणीतरी यांना मध्येच थांबवलंय.”