चेहरा मोठा करा

"हिला मोठी करा," तात्याबा म्हणाले आणि फोटोवर बोट ठेवलं.

अनुपनं फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. कुठल्यातरी लग्नातला होता. मांडवात माणसं दाटीवाटीनं उभी, आणि पार मागच्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक पोरगी. चेहरा चिंचोक्याएवढा.

"तात्या, दुसरा न्हाय का? एकटीचा?"

"न्हाय. तिचा कुणी कधी काढलाच न्हाय."

"कोण ही?"

"नकोशी. माजी धाकटी." म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. "उजनीच्या पाण्यात गेली. गावली न्हाय."

इंदापूरच्या स्टँडसमोर अनुपचं डीटीपीचं दुकान. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका रोजच्याच. श्रद्धांजलीची पत्रकंही यायची, पण ती घेऊन भावकीतलं कुणीतरी यायचं, बाप स्वतः कधीच यायचा नाही. हा बाप लोणी भापकरवरनं एवढ्या लांब आला होता. बाहेर जीपमध्ये त्यांचा पुतण्या मोहनराव बसलेला. जीप चालूच.

"चहा सांगू?"

"नगं. फोटो करा."

अनुपनं फोटो स्कॅन केला, पेजमेकरच्या पानावर आणला, शिफ्ट दाबून कोपरा धरला आणि ओढला. पोरगी मोठी झाली खरी, पण नाक, डोळे, ओठ, सगळ्याचे नुसते चौकोन चौकोन झाले. जणू कुणी तोंडावर विटा रचल्यात.

तात्याबा खुर्चीवरनं अर्धे उठले. "ह्ये काय झालं?"

"फाटला. असा ओढून फोटो मोठा होत न्हाय तात्या, नुसता पसरतो. एका भाकरीच्या पिठात चार भाकरी थापल्यागत. मुळातनं परत स्कॅन करायला लागंल, बारीक कण धरून. आमचा ह्यो कॉम्प्युटर म्हंजी म्हातारा बैल हाय, सोळा एमबीचा. लई येळ खाईल."

"खाऊ द्या. पर चेहरा लांबनं वळखू आला पायजे. आन् डाव्या भुवईवर वण हाय, गाईनं शिंग मारल्यालं. त्यो दिसला पायजे."

वण आठवतोय बापाला! अनुपनं हातातलं सगळं बाजूला ठेवलं. चिंचोक्याएवढा तो तुकडा निवडला, बाराशे डीपीआय टाकले, आणि स्कॅनरचा दिवा मुंगीच्या पावलानं सरकायला लागला. तोवर मजकूर घेऊ म्हणून त्यानं कीबोर्ड ओढला.

"गेली ती तारीख?"

"ऱ्हाऊ द्या."

"दहावा कवा, कुठं?"

"त्ये मागनं बगू."

"मग लिहू काय, तात्या?"

"फोटो. खाली घरचा फोन नंबर. ठसठशीत."

"श्रद्धांजलीवर फोन नंबर?"

"लोकं इचारत्यात. लांबलांबची." म्हाताऱ्याची नजर पडद्यावरनं हलली नव्हती. "बारामती, भिगवण, नरसिंहपूर... सगळ्या स्टँडावर लावायचीत."

तेवढ्यात मोहनराव दारात येऊन उभा राहिला. त्यानं आत पाऊल टाकलं नाही. नुसतं विचारलं, "आली का?"

"येतीया," तात्याबा म्हणाले.

आता एवढं ऊन, समोर एसट्यांचा गोंगाट, पण ते ऐकून अनुपनं चमकून दाराकडं बघितलं. दुःखात माणसं कशीही बोलतात, असं स्वतःला सांगत त्यानं नवा फोटो पानावर बसवला. स्क्रीनवर अजून करडं धुकंच होतं.

"हितं असाच दिसतो. खरा कागदावर कळंल," म्हणत त्यानं प्रिंट सोडली.

लेझर प्रिंटर घरघरला. कागद हळूहळू बाहेर यायला लागला. आधी केस. मग भांग. मग कपाळ. पाण्यातनं कुणीतरी डोकं वर काढावं, तसं. मग डावी भुवई, मधोमध चिरलेली. मग डोळे.

अनुपनं कागद उचलला. गरम होता.

हे डोळे त्यानं बघितले होते. परवाच! भिगवणला हायवेवर मासे खायला तो थांबला होता, तिथं चुलीपाशी भाकऱ्या थापणारी हॉटेलवाल्याची बायको. धुरानं डोळे बारीक करून तिनं विचारलेलं, "भाऊजी, रस्सा वाढू का आजून?" त्यानं कागद उजेडात धरला, परत बघितला. तीच. शंभर टक्के तीच!

आधी घाबरला, आणि मग त्याला इतका आनंद झाला, इतका, की कागद धरूनच तो उठला. खुर्ची मागं पडली.

"तात्या! अवो तात्या, पोरगी जित्ती हाय तुमची! बुडली न्हाय! म्या बघितली, ह्या डोळ्यांनी! भिगवणला, मच्छीच्या हॉटेलात. नवरा हाय, पदरात लेकरू हाय. आजोबा झालाय तुमी!"

त्याला वाटलं, म्हातारा आता कोसळणार. गळ्यात पडणार. त्यानं धरायला हातसुद्धा पुढं केला.

तात्याबा कोसळले नाहीत. त्यांनी त्या हातातनं कागद काढून घेतला, नीट चार घड्या घातल्या, बंडीच्या खिशात ठेवला. मोहनराव जीपकडं पळाला.

"ऱ्हाऊ द्या आता, छापू नगा," तात्याबा म्हणाले. मग अनुपच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, अगदी मायेनं.

"ती जित्ती हाय ते म्हाईतच हाय, पोरा. पळून गेली त्याच दिशी आमाला मेली. हाटेल पुलाच्या अलीकडं, का पलीकडं?"