लोसाचा ग्लोव्ह

सॉफ्टबॉलचा सीझन सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते आणि सेफीनाच्या हातून अजून साधे साधे चेंडू सुटत होते. ग्लोव्ह तिच्या आईचा, लोसाचा. लोसा गेल्यापासून दोन वर्षं कपाटात पडून पार कडक झालेला.

"ग्लोव्ह आहे की नारळाची करवंटी?" संघातल्या पोरी हसायच्या. पण सेफीना दुसरा घालायला तयार नव्हती आणि याला कुणाला हात लावू देत नव्हती.

मी त्यांची कोच. लोसा आणि मी न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या याच मैदानावर एकत्र खेळलेल्या. शनिवारी मी तो ओढूनच घेतला. "आण इकडे! तुझ्या आईचे ग्लोव्हसुद्धा मीच मऊ करून द्यायचे."

कोमट पाण्यात भिजवला, तेल चोळलं, लाकडी हातोडीने आतून-बाहेरून ठोकला, पोटात चेंडू घालून पट्ट्याने आवळला आणि तीन रात्री गादीखाली ठेवला.

मंगळवारी तिला दिला. "घे, लोण्यासारखा झालाय. आता एक जरी चेंडू सुटला ना, तर बघ!"

तिने हात आत घातला. बोटं चाचपत राहिली. हात काढला, पुन्हा घातला.

 

"आंटी, आत आईच्या बोटांचे खळगे होते... ते कुठे गेले?"