मुंगुसाचा पत्ता

"संच तुमचाच ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

तारमास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. बिनतारी संचावर बायकोने विणलेलं झाकण होतं, झाकणावर फुलदाणी, आणि फुलदाणीतून वायर खिडकीबाहेर गेली होती. नाही म्हणायला फारसा वाव नव्हता.

"माझाच. स्वतः बनवलाय."

"परवाना?"

"चाळीस वर्षं सरकारच्याच तारा ठोकल्या मी. आता सरकार माझी परीक्षा घेणार? तीही कालच्या पोराकडून?"

"म्हणजे नाही," असं म्हणत कालच्या पोराने लिहून घेतलं. "संच जप्त होईल. वर खटला. दंड, नाहीतर तुरुंग. न्यायाधीशांचं पोट बिघडलेलं असलं तर दोन्ही."

"तरी सांगत होते, पत्ते खेळा," बायको चहा ठेवत म्हणाली.

"तक्रार कोणी केली?"

"ते सांगता येत नाही."

"नका सांगू." मास्तरांनी मागच्या भिंतीकडे अंगठा केला. "तक्रार पलीकडेच राहते."

पलीकडे धाकटा भाऊ राहत होता. वडील गेले, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, आणि अकरा वर्षांत भावांमध्ये एक शब्द झाला नव्हता. वडील तारखात्यातले, त्यांची मुलं बोलायच्या आधी टिकटिक शिकली होती. पण आता टिकटिकही नाही. मास्तरांनी गच्चीवर अँटेना म्हणून कपडे वाळत घालायची तार बांधली, तर महिन्याभरात धाकट्याने आपल्या बाजूला तशीच बांधली. वर्षभर तिच्यावर तोच एक टॉवेल. "नक्कल करतो, आणि धुतही नाही," मास्तर म्हणायचे.

अधिकाऱ्याने चहाचा घोट घेतला. "या लहरीवर तुम्ही एकटे नाही. रोज चारला दुसरं कोणीतरी असतं."

"मुंगूस."

"खरं नाव?"

"माहीत नाही. परवानेवाल्यांना संचावर आपली खरी ओळख सांगावी लागते. आम्ही कुठली सांगणार? मी घुबड, तो मुंगूस."

"राहतो कुठे?"

"बेटावर. चहूकडे पाणी, शेजार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी..." मास्तर जरा चाचरले, "टेकडीवर."

बायकोने खिडकीतून सपाट गल्लीकडे पाहिलं.

"बेटावरून इतकं ठणठणीत ऐकू येतं?"

"संचच तसा आहे," मास्तर ताठ बसून म्हणाले.

अधिकाऱ्याने पिशवीतून हातात धरायचं एक यंत्र काढलं. वर तारेचं कडं, खाली काटा. "आपण असं करू. त्याला दोन मिनिटं बोलता ठेवा. मला दिशा कळली की पुढचं खातं बघेल. तुम्ही सहकार्य केलंत असं मी अहवालात लिहीन. समज देऊन सोडतील. संचही राहील कदाचित."

चारला पाच मिनिटं कमी होती.

मुंगुसाशी ओळख होऊन सहा वर्षं झाली होती. मास्तर तापाने पडले तेव्हा मुंगुसाने आठवडाभर रोज चारला एकेक विनोद ठोकला होता. उत्तर येत नव्हतं तरी. त्याच्याही नशिबी एक भाऊ होता. "भाऊ कसा आहे?" तो दर रविवारी विचारायचा. "दगड आहे," मास्तर ठोकायचे. "माझाही," मुंगूस ठोकायचा. मग दोघं तासभर आपापल्या दगडांचा उद्धार करायचे. इतकं सुख मास्तरांना सख्ख्या माणसाकडून कधी मिळालं नव्हतं.

"तुरुंगात पंखा असतो का हो?" त्यांनी विचारलं.

"साहेबांच्या खोलीत असतो."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती कपबश्या गोळा करत होती. "मित्र तुमचा," ती म्हणाली. "मला विचारू नका."

"बेटावर शोधायला कोण जातंय?" मास्तर पुटपुटले. आपल्याला ते पटलं असं त्यांनी ठरवून टाकलं आणि फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. चारच्या ठोक्याला त्यांनी संचाच्या ठोकायच्या चावीवर बोट टेकवलं. घुबड हजर. निवांत बोल, आज वेळच वेळ आहे.

मुंगूस जणू वाटच बघत होता. लगेच सुरू झाला. आज मात्र मध्येच अक्षरं अडखळत होती.

मास्तरांची पेन्सिल चालू लागली. तारखात्याची सवय, अक्षरं उतरवायची, अर्थाच्या वाटेला जायचं नाही. लोकांची मरणंसुद्धा त्यांनी अशीच न वाचता उतरवली होती. त्यांचं लक्ष अधिकाऱ्याकडे होतं. तो यंत्र घेऊन दारापर्यंत गेला, अंगणात जाऊन आला, खोलीत एक गिरकी घेतली आणि मागच्या भिंतीसमोर उभा राहिला.

"हे बिघडलेलं दिसतंय," तो यंत्रावर चापट मारत म्हणाला.

टिकटिक थांबली. भिंतीपलीकडे कडी वाजली, दार उघडलं, आणि चपला या दाराच्या दिशेने येऊ लागल्या.

मास्तरांना चष्मा सापडेना. बायकोने कागद उचलला आणि मोठ्याने वाचला:

"घुबडा, हा शेवटचा निरोप. मला पकडायला आलेला माणूस चुकून माझ्या भावाच्या घरात शिरला आहे. त्या दगडाला यातलं काही ठाऊक नाही. मीच जाऊन सांगतो, संच माझा आहे. तेवढंच त्याच्याशी बोलणं होईल."